विजेच्या वायरिंगशेजारून नेटवर्क केबल नेताना : माझा अनुभव

वरच्या खोलीत वायफाय नीट पोहोचत नसल्यामुळे तिथपर्यंत कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल टाकायचे मी ठरवले. विजेच्या वायरिंगचा पाइप भिंतीत आधीपासून होता, त्यात जागाही होती, आणि केबल त्यातूनच ओढली असती तर काम लगेच आटोपले असते. मी विचारल्यावर इलेक्ट्रिशियनने मात्र साफ नकार दिला. "इंटरनेट चालेल हो, पण उद्या आतली वायर कुठे सोलली गेली, तर तुमच्या केबलमध्ये करंट उतरेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही," असे ते म्हणाले.

तोवर मी विचार करत होतो तो केवळ सिग्नलमध्ये येणाऱ्या अडथळ्याचा. खरे तर त्या बाबतीत ही केबल बरीच सोशिक असते. घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनांची, तर गिगाबिट इथरनेटचा (सेकंदाला १००० मेगाबिट नेणाऱ्या तारेवरच्या नेटवर्कचा) सिग्नल काही कोटी हर्ट्झच्या पट्ट्यातला; शिवाय केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या पिळलेल्या असल्यामुळे बाहेरचा अडथळा जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, आणि पलीकडचे उपकरण दोन तारांमधला फरकच वाचत असल्याने तो बव्हंशी वजा होऊन जातो. त्रास झालाच तर मोटार, डिमर किंवा जुन्या चोकच्या ट्यूबलाइटमुळे उठणाऱ्या झटक्यांचा होतो. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नेटवर्क केबलचे पातळ आवरण सहसा घरच्या विजेचा दाब अडवण्यासाठी बनवलेले नसते, आणि उघडा प्लग हातात धरणाऱ्या माणसाला त्यातून धक्का बसू शकतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणच्या नियमांत मध्ये योग्य पडदा किंवा पुरेसे आवरण असल्याशिवाय या दोन्ही तारा एका पाइपमध्ये घालू देत नाहीत. केबल निवडण्याआधी मार्ग ठरवावा, असे माझे मत याच कारणाने झाले.

मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूने केबलसाठी वेगळा पाइप नेला. जिथे वायरिंगला समांतर जाणे टळत नव्हते, तिथे सुमारे २०० मिलिमीटर अंतर राखले. नियमांतले किमान अंतर देशागणिक बदलते, ते आधी पाहून घ्यावे. एके ठिकाणी विजेचा पाइप ओलांडावाच लागला, तेव्हा तो काटकोनात ओलांडला, म्हणजे दोन्ही तारा शेजारी येण्याची लांबी कमीत कमी राहते. पाइपसाठी भिंतीत झिरी मारण्यापूर्वी मेन स्विच बंद केला आणि करंट नसल्याची टेस्टरने खात्री करून घेतली. विजेच्या सॉकेटशेजारीच नेटवर्कचा सॉकेट हवा होता, तरी त्याला बॉक्स स्वतंत्र दिला.

ओढताना मी घाई केली नाही. कोपऱ्यावर वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या चौपटीहून कमी होऊ दिली नाही, कारण तिथे चेपलेल्या जोड्या पुढे नेमक्या सापडत नाहीत. सॉकेटमध्ये तारा बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये हेही महत्त्वाचे. हिरवी, नारिंगी, निळी आणि तपकिरी जोडी खाचेपर्यंत पिळलेलीच ठेवायला बोटांना थोडा सराव लागतो. शिल्डेड, म्हणजे धातूचे कवच असलेली केबल मी जाणूनबुजून टाळली, कारण त्या कवचाचे अर्थिंग नीट केले नाही तर फायदा होण्याऐवजी अडथळाच वाढू शकतो.

शेवटी केबल टेस्टरवर आठही तारा तपासल्या आणि संगणकावर लिंकचा वेग पाहिला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एखादी तुटली की वेग बहुधा १०० मेगाबिटवर घसरतो, म्हणून हा आकडा पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे. मग पाण्याची मोटार पुन्हा पुन्हा चालू-बंद करत एक मोठी फाइल पाठवून पाहिली. वेग टिकून राहिला आणि नेटवर्क कार्डच्या नोंदीत चुकीच्या पॅकेटांचा (बिघडून पोहोचलेल्या माहितीच्या तुकड्यांचा) आकडा शून्यावरून हलला नाही.