कार्पे डिएम : दिवस खुडून घेणे

‘कार्पे डिएम’ हे दोन लॅटिन शब्द इंग्रजीत इतके रुळले आहेत की आपल्याकडेही ते टी-शर्टांवर आणि चहाच्या मगांवर सर्रास दिसतात. ‘आलेल्या दिवसावर झडप घाला’ असा त्यांचा अर्थ सांगितला जातो आणि मीही बरीच वर्षे तोच धरून चाललो होतो. मूळ कविता शब्दाशब्दाने लावून वाचली, तेव्हा त्यातले क्रियापद किती वेगळे आहे हे उमगले.

ही कविता रोमन कवी होरेसची. त्याच्या ‘ओड्स’चे पहिले तीन खंड इ.स.पू. २३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या पहिल्या खंडातली ही अकरावी कविता अवघ्या आठ ओळींची आहे. ल्यूकोनोए नावाच्या स्त्रीला कवी सांगतो की, देवांनी तुझ्यामाझ्या आयुष्याला कोणता शेवट नेमला आहे हे विचारू नकोस, बाबिलोनी आकडेमोडीच्या, म्हणजे ज्योतिषाच्या, नादी लागू नकोस; समोरच्या खडकांवर समुद्राला आदळवणारा हा हिवाळा कदाचित आपला शेवटचाही असेल.

‘कार्पे’चे मूळ क्रियापद ‘कार्पेरे’, म्हणजे फूल किंवा फळ तोडणे. रोमन कवी व्हर्जिलने ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्यात एका म्हाताऱ्या बागवानाचे वर्णन केले आहे, वसंतात गुलाब आणि शरदात फळे सर्वांच्या आधी तोच तोडतो, असे सांगताना तो हेच क्रियापद वापरतो. मराठीत यासाठी ‘खुडणे’ हा नेमका शब्द आहे. कोवळी मेथी खुडताना आई देठ चिमटीत धरते, नखाने जरासा दाब देते आणि कोवळा शेंडा तेवढा घेऊन निबर भाग सोडून देते. त्या कामात घाई नसते, पण भाजी उद्यावर टाकली तर ती कोमेजते.

हा अर्थ धरला की कविता एकसंध वाटू लागते. त्याच ओळींत होरेस मद्य गाळून घ्यायला सांगतो, जे काम रोमन घरांत पिण्याच्या वेळी गाळ काढण्यासाठी केले जाई. आणि लांबलेली आशा छाटून टाकायला सांगतो, जशी द्राक्षवेलीची वाढलेली काडी छाटतात. गाळणे, छाटणे, खुडणे ही सगळी घरातली आणि मळ्यातली कामे आहेत. झडप घालणारा हात त्यांत कुठेच बसत नाही.

मला सर्वांत आनंद झाला तो व्युत्पत्तीने. ‘डिएम’चे मूळ रूप ‘दिएस’ आणि आपला ‘दिवस’ एकाच प्राचीन धातूकडे जातात, तर ‘कार्पेरे’चे नाते संस्कृत ‘कृपाणी’शी, म्हणजे कात्रीशी, जोडले जाते.

या दोन शब्दांपुढे ओळीचा उरलेला अर्धा भाग आहे आणि तो मगांवर कधीच छापलेला नसतो. तो जोडून मी ती ओळ माझ्या वहीत अशी उतरवली आहे : ‘आजचा दिवस खुडून घे, उद्यावर विसंबायचे ते होता होईल तितके कमी.’