जुळी: पहिलं डोक्यावर, दुसरं आडवं

पाचवा महिना लागला की जुळ्यांच्या आईला जो तो विचारतो, "नॉर्मल की सिझर?" तेव्हा याचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नसतं. अर्धं उत्तर बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत असतं आणि उरलेलं छत्तिसाव्या.

११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) एक आहे की दोन, ते कळतं. दोन बाळांमधला पडदा वारेला मिळतो तिथे जाड पाचर दिसली तर 'लॅम्डा', म्हणजे वार वेगवेगळी. पडदा बारीक आणि सरळ टेकला तर 'टी', म्हणजे वार एकच. पुढे ही खूण पुसट होत जाते, म्हणून रिपोर्टवर हा शब्द नसेल तर लगेच परत जाऊन लिहून घ्यावा. माझ्या रिपोर्टवर 'डायकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक' होतं, दोन वारी आणि पाण्याच्या दोन पिशव्या. वार एकच असली तर एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ शकतं, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी लागते. पिशवीसुद्धा एकच असेल तर नाळा एकमेकींत गुंततात. तिथे ३२ ते ३४ आठवड्यांत सिझर, चर्चाच नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात बघायचं ते पहिल्या बाळाचं डोकं. पहिलं म्हणजे मोठं नव्हे, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेलं. ते खाली डोकं करून असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. पायाळू किंवा आडवं असेल तर सहसा सिझर. माझं दुसरं आडवं होतं. 'मूल आडवं आलं' ऐकून सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, पण पहिलं बाहेर पडल्यावर दुसऱ्याला जागा मिळते आणि ते फिरतं किंवा फिरवता येतं. दुसऱ्याचं वजन दीड किलोच्या वर हवं आणि पहिल्यापेक्षा फार जास्त नको. माझ्याकडे अंदाज २३०० आणि २१०० ग्रॅम होता. हा अंदाज दहा-पंधरा टक्के सहज चुकतो.

२०१३ साली २५ देशांतल्या २८०४ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं पहिलं बाळ डोक्यावर होतं. ठरवून सिझर केलेल्या गटात बाळांना गंभीर इजा किंवा मृत्यू २.२ टक्के, नॉर्मल ठरवलेल्यांत १.९, म्हणजे फरक नाही. पण नॉर्मल ठरवलेल्यांतल्या जवळजवळ ४४ टक्के बायकांचं शेवटी सिझरच झालं. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवावा.

खरं ठरवायचं असतं ते हॉस्पिटल. मी तीनच प्रश्न विचारले. रात्री तीन वाजता दुसऱ्या बाळाचा पाय धरून काढता येणारा हात ड्युटीवर असेल का? भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की फोन केल्यावर येतात? एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन जागा आहेत का? घराजवळच्या नर्सिंग होमने सरळ सांगितलं, आमचे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आम्ही सिझरच करतो. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. संध्याकाळी सातला हायवेवर अंधेरीहून बोरिवलीला यायला किती वेळ लागतो, हे मुंबईकराला सांगायला नको. मी मोठं हॉस्पिटल धरलं.

नणंदेने सिझरचा मुहूर्त काढून आणला होता. डॉक्टर म्हणाल्या, ३७ पूर्ण झाल्यावर कुठलाही चालेल, आधीचा नाही.

३७ आठवडे ४ दिवसांना कळा सुरू करून दिल्या. दोन्ही हातांना जाड सुया, दोन बाटल्या रक्त जुळवून तयार, आणि एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दिलेली भूल. ते नुसत्या कळांसाठी नसतं. आत हात घालायची वेळ आली तर भूल आधीच चढलेली हवी. ठोक्यांच्या मशीनवर कधी कधी दोन्ही रेघा एकाच बाळाच्या येतात. सिस्टरांनी सोनोग्राफीने दोन ठिकाणं शोधून पट्टे बांधले.

पहिलं आलं आणि पोट एकदम शांत झालं. कळा थांबल्या. एरवी बाळ झाल्याबरोबर देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन इथे देत नाहीत, कारण दुसरं आत असतं. फक्त ड्रिप हळूहळू वाढवतात. एका डॉक्टरने पोटाच्या दोन्ही बाजू तळव्यांनी धरून बाळाला उभं ठेवलं, दुसरीचा हात आत. पिशवी घाईने फोडत नाहीत, नाहीतर नाळ आधी खाली येते. "टाच आहे," त्या म्हणाल्या. हाताला टाच नसते, पायाला असते. चाचपून तेवढ्यावर ओळखायचं. दोन्ही पाय हाती आल्यावरच पिशवी फोडली. चौदा मिनिटांत दुसरं बाहेर.

इथेच बिघडू शकतं: नाळ घसरते, बाळाचे ठोके मंदावतात, गर्भाशयाचं तोंड परत आवळतं. मग एक बाळ खालून, दुसरं पोटातून, आणि आईला दोन्हीकडची दुखणी. शंभरात साधारण चौघींना असं होतं. ही शक्यताच नको म्हणून कुणी आधीच सिझर मागितलं तर मी वाद घालणार नाही. फक्त पुढचं मूल हवं असेल तर जुन्या टाक्यांवर वार चिकटण्याचा धोका तिने विचारून घ्यावा.

ताणलेलं गर्भाशय लवकर आवळत नाही, म्हणून रक्तस्राव जास्त होतो. ड्रिप बरेच तास चालू होती, पॅड वजन करून बघत होते आणि सिस्टर दर थोड्या वेळाने बेंबीजवळ दाबून जायच्या. ते एपिड्युरल उतरल्यावर कळांपेक्षा जास्त लागलं. पहिल्याच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन लावले होते, वार तपासताना कुठली कुणाची ते कळावं म्हणून. दोन चिमट्यांचा पायाळू. उसण भरलेल्या मावशींनी त्याच्या लाथेसाठी आत्तापासून नंबर लावलाय.