बदल्यांचा मोसम

७ मे २०२५, बुधवार

एचआरमध्ये इंटर्नशिप म्हटलं की आमच्या वर्गाच्या डोळ्यांसमोर मुलाखती येतात. इथे मुलाखत औषधालासुद्धा नाही. स्टेट बँक सोडली तर सरकारी बँकांत भरतीची परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते, यादी लागते, माणूस तयार होऊन दारात येतो. त्याला कुठे बसवायचं, किती दिवस बसवायचं आणि तिथून कधी उठवायचं, एवढंच मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) या मुख्य कचेरीच्या हातात. त्यात मे महिना म्हणजे बदल्यांचा मोसम. माझ्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा ठेवून मॅडम म्हणाल्या, "हे एक्सेलमध्ये चढव. नाव, स्केल, सध्याची शाखा, कधीपासून, कुठे हवी, कारण." स्केल म्हणजे अधिकाऱ्याची श्रेणी, वन सगळ्यात खालची.

पण आज गठ्ठ्याला कुणी हात लावला नाही. सकाळी लोकलमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर ऑपरेशन सिंदूरच होतं, आणि विभागात पोहोचले तर मॅडम जम्मूच्या झोनल ऑफिसशी फोनवर. सीमेजवळच्या शाखांत किती माणसं, त्यांतली बाहेरची किती, कुटुंब सोबत आहे का, अशी यादी दुपारपर्यंत हवी होती. ती करताना लक्षात आलं की राजौरी, पूंछच्या बाजूला आपली मराठी पोरंही आहेत. पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, हे अधिकाऱ्यांचं अखिल भारतीय केडर, जिथे जागा रिकामी तिथे रुजू व्हायचं.

९ मे, शुक्रवार

लातूर जिल्ह्यातून एका बाईंचा फोन आला. मुख्य कचेरीचा नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. "पोरगं तिकडं बॉर्डरला हाय. बँक त्याला कवा आणणार?" मॅडम जरा थांबून म्हणाल्या, "ताई, रात्रीच बोलले मी त्याच्याशी. सगळे एकत्र, सुरक्षित जागी आहेत." बाईंनी ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आज अर्थमंत्र्यांनी बँकांच्या प्रमुखांची बैठक घेऊन सीमेलगतच्या शाखांतले कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यायला सांगितलं. उद्या दुसरा शनिवार, सोमवारी बुद्धपौर्णिमा. मॅडमनी यादीची प्रिंट घरी नेली.

१४ मे, बुधवार

अर्जांकडे परत. विभागात एक काका आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे. माझी गती बघून म्हणाले, "अर्ज काय वाचत बसतेस गं? अर्ज सगळे एकाच कारखान्यातून येतात. आधी जोडपत्रं बघ."

खरंच एकाच कारखान्यातून. 'मी अत्यंत नम्रपणे विनंती करतो की' पासून 'आपला ऋणी राहीन' पर्यंत तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरत असणार. एकाने तर मूळ अर्जदाराचं नाव खोडायचंच विसरलंय. जोडपत्रं मात्र प्रत्येकाची आपापली. वडिलांच्या डायलिसिसचं कार्ड, दर खेपेच्या तारखेसमोर रुग्णालयाचा शिक्का, पुढच्या रकान्यात वजन, आधीचं आणि नंतरचं. मुलीच्या दहावीच्या शाळेचं बोनाफाइड. आणि एका स्केल वनच्या मुलाने पती-पत्नी एकत्रीकरणासाठी चक्क आपली लग्नपत्रिका जोडली आहे, कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं तशीच. काकांनी ती उलटसुलट पाहिली. "कार्यालय चांगलं घेतलंय. पण हे चालत नाही. विवाह नोंदणीचा दाखला मागव." पत्रिका परत अर्जालाच टाचून ठेवली.

'कुठे हवी' या रकान्यात तीन पसंत्या देता येतात. महाराष्ट्रातल्यांची पहिली पुणे. दुसरी पुणे ग्रामीण. तिसरी काहीतरी लिहायची म्हणून नाशिक. गडचिरोली मागणारा एकच सापडला. तो गडचिरोलीचाच आहे.

२२ मे, गुरुवार

कर्नाटकातल्या एका शाखेतला व्हिडिओ कालपासून सगळीकडे फिरतोय. मॅनेजर कन्नड बोलायला तयार नाहीत, ग्राहक अडून बसलाय. लगोलग त्यांची बदली झाली. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मराठीवरून हेच झालं, कार्यकर्ते शाखाशाखांत जाऊन जाब विचारत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यावरच चर्चा. "नोकरी करायची तर भाषा शिकायला नको?" असं एक टेबल, "तीन वर्षांसाठी कोण शिकेल?" असं दुसरं.

मला दोन्ही टेबलांवर एकच प्रश्न टाकावासा वाटला, पण इंटर्नने जेवताना गप्प बसावं हे उत्तम. क्लार्कची भरती राज्यवार होते, त्याला स्थानिक भाषा यावीच लागते, नाहीतर चाचणीतच गळतो. पीओला ती अट नाही. म्हणजे काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाइकाची भाषा येते आणि ज्याच्याकडे कर्ज मागायचं, तक्रार न्यायची, त्या केबिनमधल्या साहेबाला यायलाच हवी असं नाही. यात त्या साहेबाचा काय दोष? त्याने कुठे मागितली होती ही शाखा? त्याचाही अर्ज अशाच एखाद्या गठ्ठ्यात असेल, पहिली पसंती पाटणा.

हे वरच्यांना कळत नाही असं नाही. गेल्या नोव्हेंबरात अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने सरकारी बँकांना कळवलं की बदल्या शक्यतो जूनपर्यंत उरका, पसंती ऑनलाइन घ्या, महिलांना होईल तितकं जवळ ठेवा आणि स्केल थ्रीपर्यंतच्यांना जमेल तसं त्यांच्या भाषिक पट्ट्यात. काही बँका आता राज्याची भाषा येणारे लोकल बँक ऑफिसरही वेगळे भरतात. पण माझ्या एक्सेलमध्ये बिहार, उत्तर प्रदेशातले अधिकारी जितके दिसतात, तितक्या जागा तिकडे नाहीत. 'शक्यतो' आणि 'जमेल तसं' यांच्यावरच सगळा भार.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत आजच. मे महिन्यात, तोही असा धो धो. वरळीकडे नुकतंच सुरू झालेलं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशन पाण्यात. कुर्ल्याहून बीकेसीला एकही रिक्षा यायला तयार नाही, चालत आले. विभाग निम्मा रिकामा.

बसल्या बसल्या जुनी परिपत्रकं वाचून काढली. बदली ही एचआरची कल्पना असेल असं मला वाटायचं. अनुभव मिळावा, माणूस घडावा वगैरे. मूळ वेगळंच आहे. फार दिवस एका जागी बसलेला माणूस कर्जदारांशी संधान बांधेल, चूक झाकेल, म्हणून त्याला हलवायचं. हा दक्षता विभागाचा, म्हणजे गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्यांचा हिशोब. २०१८ साली मुंबईत फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेतला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर आला, तेव्हा एकच अधिकारी वर्षानुवर्षं त्याच शाखेत बसून होता हेही पुढे आलं. त्यानंतर केंद्रीय दक्षता आयोगाने तीन वर्षांवर एका जागी असलेल्यांना हलवायचा धोशा लावला आणि सगळीकडे बदल्यांचा धडाका सुरू झाला. त्या एका टेबलासाठी देशभर किती ट्रक घरसामान हललं असेल!

माणूस मुरू नये म्हणून बदली करायची, आणि तो मुरला नाही, भाषा शिकला नाही, गावातल्या चार माणसांना ओळखत नाही, म्हणून त्यालाच झापायचं. दोन्ही परिपत्रकं एकाच कपाटात. कॉलेजात 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' शिकवताना कुणी दक्षता विभागाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

५ जून, गुरुवार

आज सक्तीच्या रजेची पत्रं काढली. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे: ट्रेझरी (बँकेचे पैसे गुंतवणारा विभाग), करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटा ठेवायची तिजोरी) अशा नाजूक जागांवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस घरी बसवायचं. त्या काळात सिस्टिम बंद, फार तर सर्वांना असतो तो अंतर्गत ईमेल चालू. काही लपवलं असेल तर माणूस नसताना उघड्यावर येतं, असा हिशोब.

नाशिकच्या करन्सी चेस्टमधून तासाभरात फोन. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुमची पाळी आली, बस."

"एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नाला चार दिवस मागितले, तर स्टाफ नाही म्हणाले. आता दहा दिवस घरी बसून काय करू? बायको विचारतेय, नोकरी आहे ना?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या स्वतः ट्रेझरीत होत्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं होतं म्हणे, की सूनबाईंची तब्येत बरी नाही. सस्पेन्शनपेक्षा आजारपण बरं. हा नियम मला अजिबात चुकीचा वाटत नाही, उलट सगळ्या नियमांत तोच सरळ वाटतो, कारण तो सगळ्यांना सारखाच लागतो. फक्त पत्राचा मसुदा भयंकर आहे. 'आपणास निर्देशित करण्यात येते की आपण तात्काळ' अशी सुरुवात वाचून कुणाचीही छाती धडधडेल. पहिल्याच ओळीत 'ही नियमित वार्षिक रजा आहे' असं घालू का, विचारलं. लीगलला पाठवावं लागेल म्हणाल्या. पाठवलं आहे.

१९ जून, गुरुवार

काल संध्याकाळी यादी लागली. फोन सकाळी नऊपासून. डायलिसिसवाल्यांचं पुणे झालं. लग्नपत्रिकेवाल्याचा दाखला वेळेत आला होता, तरी बायकोच्या गावी नाही, शेजारच्या जिल्ह्यात मिळालं. तो खूश आहे, दुचाकीने तासाभरात पोहोचतो म्हणाला. गडचिरोलीवाला गडचिरोलीला. आमच्याच विभागातल्या एका सरांचं नाव कोलकात्याला लागलंय आणि ते कालपासून कुणाशी बोलत नाहीत.

राजौरीतल्या मुलाचं नाव यादीत नाही. त्याची मुदत भरलेली नाही, आणि त्याने अर्जच केला नव्हता. मॅडमनी त्याच्यासाठी वेगळी टिपणी जनरल मॅनेजर साहेबांकडे पाठवली आहे. आईंचा आज परत फोन आला, या वेळी मी उचलला. 'टिपणी वर गेली आहे' याचा अर्थ त्यांना कसा सांगायचा ते मला सुचेना. "साहेबांच्या टेबलावर आहे, काकू," म्हणाले. "मग उद्या करू का फोन?" मी हो म्हटलं.

२६ जून, गुरुवार

कॉलेजच्या गाइड सरांना प्रोजेक्टचा कच्चा मसुदा पाठवला होता: बदली धोरण, दक्षता आणि स्थानिक भाषा. उत्तर आलं, "विषय चांगला आहे, पण प्रश्नावली कुठे? लिकर्ट स्केल हवीच. शीर्षकात 'कर्मचारी समाधान' आणा."

म्हणून दिवसभर प्रश्नावली वाटली. 'माझी संस्था माझ्यावर विश्वास ठेवते': पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच चौकोन. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, सगळी पानं चाळली, नाव लिहायचा रकाना नाही ना ते दोनदा पाहिलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ उभ्या रेषेत 'तटस्थ' वर टिक करत गेले.

"काका, सगळंच तटस्थ?"

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत बाळ," ते म्हणाले, आणि कागद उलटा करून माझ्या हातात दिला.