एडिटर चालतो, सर्व्हर चालतो, पण पुश होत नाही: माझा अनुभव

आमच्या टीमचा सगळा कोड ऑफिसातल्याच एका मशीनवर असायचा. सेंटओएस ६ ही लिनक्स प्रणाली, त्यावर गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) बेअर रिपॉझिटरी, म्हणजे नुसता इतिहास साठवणारी कोठारं, आणि ये-जा एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग हळूहळू सगळे व्हीएस कोड या एडिटरवर आले. प्रोग्रामर तर आलेच, पण सॉफ्टवेअरची मराठी मदत-पानं लिहिणाऱ्या आमच्या ताईसुद्धा आल्या. त्यांचा टर्मिनलशी काही संबंध नाही आणि असायचं कारणही नाही. डावीकडच्या पट्टीत बदल दिसावेत, संदेश लिहावा, बटण दाबावं आणि काम सर्व्हरवर जावं, एवढंच त्यांना हवं. ते तसं चालतंय हे बघणं टीममधल्या कुणाचं तरी काम असायलाच हवं. आमच्याकडे ते मी घेतलं.

मग एकदा गिट फॉर विंडोज (विंडोजवरचं गिट) अपडेट केलेल्या लॅपटॉपांवरून पुल-पुश, म्हणजे सर्व्हरवरून काम आणणं आणि तिथे पाठवणं, बंद पडलं. एडिटरच्या कोपऱ्यात चौकट यायची, तिच्यावरून काही कळायचं नाही. गंमत म्हणजे पॉवरशेल ही विंडोजची कमांड-खिडकी उघडून त्याच सर्व्हरला एसएसएच केलं की आत जाता यायचं. त्यामुळे दोष एडिटरचाच, असं जवळपास सगळ्यांचं मत पडलं.

पण व्हीएस कोड सर्व्हरशी स्वतः बोलतच नाही. तो तुमच्या मशीनवरचं गिट चालवतो, गिट एसएसएच चालवतं आणि ते एसएसएच पलीकडच्या एसएसएचशी बोलतं. आउटपुट पॅनेलच्या यादीतून 'गिट' निवडलं की एडिटरने चालवलेली प्रत्येक कमांड आणि तिचं उत्तर ओळीने दिसतं. चौकट गाळते ते सगळं तिथे असतं. आमच्या बाबतीत तिथे लिहिलं होतं की होस्ट-कीचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीचा) जुळणारा प्रकार सापडला नाही, सर्व्हर देऊ करतोय ते फक्त एसएसएच-आरएसए आणि एसएसएच-डीएसएस.

मग पॉवरशेलमधून कसं जमत होतं? कारण विंडोज १० वर एसएसएच दोन असतात. एक विंडोजचं स्वतःचं, सिस्टिम३२ च्या आतल्या ओपनएसएसएच फोल्डरमधलं. आमच्या लॅपटॉपांवर ते ८.१ होतं. दुसरं गिट फॉर विंडोज सोबत आणतं ते, आणि २.३३.१ पासून ते ८.८ झालं. ओपनएसएसएच ८.८ सप्टेंबर २०२१ मध्ये आलं आणि त्यात शा-१ ही जुनी ठसा-पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या मुळातच बंद केल्या गेल्या. कारण वाजवी होतं: शा-१ वर ठरवून टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा) घडवून आणण्याचा खर्च ५० हजार डॉलरच्या खाली आला आहे, असं ओपनएसएसएचच्या लोकांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. आमच्या सर्व्हरवर होतं ओपनएसएसएच ५.३. त्याला आरएसएची नवी, शा-२ वाली सही येत नाही आणि एडी२५५१९ ही की कशाशी खातात तेही माहीत नाही, कारण ती २०१४ मध्ये ६.५ बरोबर आली. थोडक्यात, एडिटर आणि सर्व्हर यांचं भांडण नव्हतंच. मधले दोन दुभाषे वेगवेगळ्या काळातले होते.

काम थांबवता येत नव्हतं, म्हणून आधी तात्पुरता उपाय केला. प्रत्येकाच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका सर्व्हरच्या नावाखाली दोन ओळी घालून, एक सर्व्हरच्या कीसाठी आणि एक आपल्या कीसाठी, एसएसएच-आरएसएला परवानगी दिली. ही परवानगी सगळ्या होस्टना कधीही देऊ नका. आणि एक बारकावा: दुसऱ्या ओळीचं नवं नाव 'पबकी-ॲक्सेप्टेड-अल्गोरिदम्स' हे ८.५ पासूनचं आहे. दोन्ही एसएसएच एकच फाइल वाचतात, त्यामुळे ते नाव लिहिलं की ८.१ 'हा पर्याय ओळखीचा नाही' म्हणून अडून बसतं. जुनं नाव, 'पबकी-ॲक्सेप्टेड-की-टाइप्स', दोघांनाही चालतं.

गिटला विंडोजचंच एसएसएच वापरायला लावा, म्हणजे प्रश्न मिटला, असंही कुणी तरी सुचवलं. त्या दिवसापुरता मिटला असता, पण विंडोज पुढे सरकलं की पुन्हा तेच. सेंटओएस ६ चा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, नोव्हेंबर २०२० मध्येच संपला होता. त्यामुळे सर्व्हरच हलवायचा असं मी ठामपणे मांडलं आणि ते मान्य झालं.

उबंटू २२.०४ या लिनक्सवर रिपॉझिटरी मिरर क्लोन (सगळ्या ब्रांचसह हुबेहूब नक्कल) करून नेल्या. ते काम सोपं आहे. फक्त क्लोनबरोबर हुक, म्हणजे पुश आल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीच्या स्क्रिप्ट, येत नाहीत, ते वेगळे उचलून न्यावे लागतात. नव्या मशीनला मुद्दाम नवं नाव दिलं, म्हणजे कुणालाही 'होस्ट-की बदलली आहे' हा घाबरवणारा इशारा दिसू नये, आणि होस्ट-कीचा ठसा छापून भिंतीवर लावला, म्हणजे पहिल्यांदा जोडताना प्रत्येकाने ताडून बघावा. सगळ्यांना नव्या एडी२५५१९ की दिल्या, पासफ्रेजसह (म्हणजे कीच्या पासवर्डसह). आता दर पुशला पासफ्रेज मागितला जाऊ नये म्हणून की लक्षात ठेवणारी विंडोजची एसएसएच-एजंट सेवा सुरू केली. ती मुळात बंदच असते. पण गिटसोबतचं एसएसएच त्या एजंटकडे बघतच नाही. म्हणून आता मात्र 'कोअर.एसएसएच-कमांड' या सेटिंगमधून गिटला विंडोजच्या एसएसएचकडे वळवलं. तोच उपाय, पण यावेळी योग्य कारणासाठी.

ओळींच्या शेवटाचं प्रकरण थोडक्यात सांगते. कुणाकडे सीआरएलएफ (विंडोजची पद्धत), कुणाकडे एलएफ (लिनक्सची). त्यामुळे एक शब्द बदलला तरी एडिटर अख्खी फाइल बदलल्याचं दाखवायचा आणि विंडोजवरून गेलेली शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर चालायची नाही. प्रत्येक लॅपटॉपची सेटिंग दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. नियम रिपॉझिटरीत ठेवला: गिट-ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये 'टेक्स्ट=ऑटो', शेल स्क्रिप्टसाठी सक्तीने एलएफ. मग कुणाचीच ब्रांच उघडी नसताना रीनॉर्मलाइझ करून, म्हणजे सगळ्या फाइलींचे ओळ-शेवट नव्या नियमात बसवून, एकच मोठी कमिट (बदलांची नोंद) केली आणि तिचा क्रमांक ब्लेममधून (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीतून) वगळायच्या फाइलमध्ये टाकला. नाहीतर प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसलं असतं.

खरी कसोटी पुढे होती. ताईंनी 'मदत.एमडी' नावाची फाइल पुश केली. व्हीएस कोडने सांगितलं, पुश झालं नाही, आधी पुल करून बघा. "अगं, पुल केलं, पुन्हा केलं, तरी तेच सांगतंय," ताई म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. सर्व्हरने कुठल्याही कारणाने पुश नाकारलं तरी एडिटर हाच सल्ला देत होता. आउटपुटमध्ये 'रिमोट' ने सुरू होणारी ओळ वाचली तेव्हा कळलं की नकार आमच्याच हुकने दिला होता: या फोल्डरमध्ये फक्त एमडी फाइल चालेल म्हणून.

फाइल तर एमडीच होती! मी हुकमध्ये त्याला मिळणारं नाव छापून पाहिलं. तिथे 'मदत' नव्हतं. तिथे दुहेरी अवतरणात \३४०\२४४\२५६\३४०\२४४\२४६\३४०\२४४\२४४ आणि मग डॉट एमडी असं होतं. गिट इंग्रजीबाहेरची अक्षरं मुळात अशी अष्टमान आकड्यांत दाखवतं आणि नावाभोवती अवतरण घालतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, म्हणून तीन-तीन आकडे. हुक बघत होता की नाव एमडीने संपतं का, आणि नाव संपत होतं अवतरणचिन्हाने. एडिटरमध्ये मात्र नाव स्वच्छ दिसत होतं, कारण व्हीएस कोड गिटकडून यादी मागतानाच 'झेड' पर्याय देतो आणि मग नावं जशीच्या तशी येतात. हुकमध्येही तोच पर्याय घातला. टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी 'कोअर.कोटपाथ' बंद केलं. ताईंची फाइल गेली.

त्यानंतर आलं ते मला आजही सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते इंग्रजीतून काम करणाऱ्याला कधी दिसणारच नाही. एडिटरच्या यादीत 'कर्मचाऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइल दिसू लागल्या. अक्षर न् अक्षर तेच. फरक होता तो 'ऱ्य' मध्ये. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिता येतं: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, एक र आणि खाली नुक्ता घेऊन, आणि एक साध्या र ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचा जोडक घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. गिट मात्र बाइट बघतं, त्याच्या लेखी ही वेगवेगळी नावं. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणित रूप पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, पण जोडकवाली तिसरी तशीच राहते.

म्हणून हुकमध्ये पायथनच्या थोड्या ओळी घातल्या: नाव एनएफसीत नसेल किंवा त्यात तो जोडक असेल तर पुश परत. आणि परत पाठवताना मराठीत सांगायचं की कुठल्या फाइलच्या नावात ऱ वेगळ्या पद्धतीने लिहिलाय आणि तो कसा बदलायचा. तो संदेश आउटपुट पॅनेलमध्ये नीट देवनागरीत उमटतो. ताईंच्या लॅपटॉपवर ते पॅनेल आता कायम उघडं असतं. पुश परत आला तर त्या आधी तिथली शेवटची ओळ वाचतात आणि बहुतेक वेळा मला न विचारताच नाव बदलून पुन्हा पाठवतात.

जुन्या सर्व्हरसाठी घातलेल्या त्या दोन ओळी शेवटी एकेका लॅपटॉपवर जाऊन काढून टाकल्या, आणि मगच ते सेंटओएसचं मशीन बंद केलं.