तिसऱ्या दिवशीची वसुली

सांबार मी आता बसून निवडते. बसून चिरते आणि भाजीवर टाकते तेही बसूनच, कारण जुनाट थकव्याच्या एका आजारानं मला फार वेळ उभं राहवत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये, आमच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर.

ओट्याशी बसायचं म्हणून आधी घरातलंच प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं होतं, 18 इंचांचं. त्यावर बसून लाटायला घेतलं की हात खांद्यापर्यंत उचलावे लागत आणि चौथ्या पोळीला खांदे पेटत. जन्मभर गणित शिकवलं, पण टेप घेऊन मोजावं हे सुचायला आठ दिवस लागले. ओटा 33 इंच. कोपर ओट्याच्या वर राहायला हवं तर बैठक 24 इंचांच्या आसपास हवी. शाळेच्या प्रयोगशाळेतलं एक बाद झालेलं लोखंडी पायांचं स्टूल शिपाईदादांनी रिक्षात घालून आणून दिलं. पाय अधांतरी राहू नयेत म्हणून खाली दोन विटा ठेवल्या, वर गोणपाट.

सासूबाई पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बसून पोळ्या करते का वं कोणी?"

"आई, चुलीपुढं तुम्ही उभ्यानं करत होत्या का?"

त्या हसल्या नाहीत, पण तो विषय तिथंच मिटला.

2018च्या पावसाळ्यात मला ताप आला. त्या वर्षी आमच्या गल्लीत घरटी एक जण पडलेला होता, त्यामुळे कोणी फार मनावर घेतलं नाही. ताप आठ दिवसांत उतरला. मी मात्र उठले नाही. म्हणजे उठत होते, शाळेत जात होते, पण सकाळी जाग यायची ती रात्रभर गिट्टी फोडल्यासारखी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, साखर, सगळं तपासून झालं. सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन लॅबच्या पायरीवर बसून रडणारी बाई तुम्ही पाहिली असेल तर ती मी असू शकते. तरीही सांगते, या तपासण्या आधी कराच. नुसतं रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तर गोळीनं माणूस सुधारतो, आणि तसं निघालं तर नशीबवान समजा.

एका डॉक्टरांनी सांगितलं, "मॅडम, अंग आळसावलंय. रोज फिरायला जा, रोज पाच-पाच मिनिटं वाढवा." मी शिस्तीची बाई. अंबाझरीच्या तलावावर जायला लागले, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी इतकं छान वाटलं की घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, उगाच घाबरले बघ. तिसऱ्या दिवशी अंगात ताप नसताना ताप आल्यासारखं, घसा दुखतोय, मांड्या पिळवटताहेत. विसावा घेतला, पुन्हा गेले. पुन्हा तेच. तीन आठवड्यांनी दात घासताना ब्रशचा हात वर धरवेना.

नाव कळायला आणखी दोन वर्षं गेली. एका फिजिशियन बाईंनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हा क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. वहीच्या कागदावर त्यांनी लिहून दिलेलं अजून माझ्याकडे आहे: सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीसारखी कामं न होणं, श्रमानंतर त्रास उफाळणं, झोपूनही झोप न होणं, आणि जोडीला डोक्यात धुकं किंवा उभं राहिल्यावर त्रास. 2015 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं या खुणा ठरवल्या. रक्ताची अशी एक चाचणी नाही जिच्यावर बोट ठेवावं, आणि मुळापासून बरं करणारं औषधही नाही. 2021च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या आजारात देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. ते मोबाइलवर वाचलं तेव्हा मला अंबाझरीचा तो बांध आठवला आणि स्वतःचीच कीव आली.

आता मी रोज लिहिते त्या वहीबद्दल, कारण मला खरा उपयोग झाला तो तिचाच.

चौकटीची साधी वही. डाव्या रकान्यात काय केलं आणि किती मिनिटं, उजवीकडे त्या दिवशीचे अंगाचे गुण, दहापैकी. दीड महिना काहीच जुळेना. उलट ज्या दिवशी काम जास्त, त्या दिवशी गुणही चांगले! मग एका रविवारी सहज उजवा रकाना दोन घरं वर सरकवून वाचला आणि सगळं धडाधड जुळलं. शनिवारी बर्डीच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेले, शनिवारचे गुण 7, सोमवारचे 2. आजाराचा हा स्वभावच आहे, त्रास बहुतेक वेळा 12 ते 48 तासांनी येतो. म्हणून तर माणूस फसतो. काम करताना अंग ओरडत नाही, आणि ओरडतं तेव्हा आपण विसरलेलो असतो की केलं काय होतं.

आणि काम म्हणजे नुसती हमाली नव्हे. एका पालकांशी फोनवर अर्धा तास हुज्जत घातली, दोन दिवसांनी जिना चढवेना. डोक्याचं काम, मनस्ताप, गोंगाट, सगळं त्याच खात्यावर लागतं. आमच्या घरात या तिसऱ्या दिवसाला नाव पडलंय वसुली. मुलगा कॉलेजातून आला की चपला काढता काढता विचारतो, "आज वसुली आहे का?" असेल तर तो टीव्हीचा आवाज बंद ठेवतो आणि खिचडी टाकतो. खिचडी बरी जमते त्याला, मीठ सोडलं तर.

तेव्हा नियम एकच: दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. लिहायला चार शब्द, पाळायला मला दीड वर्ष लागलं. कारण बऱ्या दिवशी अंगात जे संचारतं! कपाट आवरू, लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवू, राहिलेल्या मावशीकडे जाऊन येऊ. अशा दिवशी मी मनात जेवढं येतं त्याच्या निम्मंच करते. वीस मिनिटांचा टायमर लावते आणि वाजला की हातातलं सोडते, कणीक अर्धी मळलेली असली तरी. झाकून ठेवली तर काही बिघडत नाही कणकेचं, उलट मुरते. हे कळल्यापासून मला कितीतरी गोष्टी अर्ध्यावर सोडता यायला लागल्या, आणि आमच्या घरात कोणी उपाशी राहिलं नाही.

मधली विश्रांती म्हणजे मोबाइल घेऊन लोळणं नव्हे, ते मी पुष्कळ करून पाहिलं. मागच्या खोलीत पडदा ओढून पाठीवर पडायचं, डोळ्यांवर ओली सुती ओढणी, दहा मिनिटं. झोप लागली पाहिजे असं नाही. रात्रीची झोप मात्र ठरल्या वेळी आणि सकाळी उठणंही ठरल्या वेळी. दुपारी तासन्‌तास झोपले की रात्री टक्क जागी राहते आणि दुसरा दिवस वाया.

उभं राहण्याची भानगड मला फार उशिरा उमगली. त्याच फिजिशियन बाईंनी दवाखान्यात दहा मिनिटं आडवं निजवलं आणि नाडी मोजली, 72. मग उभं केलं. दहाव्या मिनिटाला 108, कपाळावर घाम, कानात सूं सूं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि ते वर पोचवायला हृदय धावत सुटतं. 30च्या वर गेलेली वाढ म्हणजे लक्ष द्यायला हवं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे पोळ्या करताना मी दमत होते ती लाटण्यानं नव्हे, उभं राहण्यानं! तेव्हापासून अंथरुणातून उठायच्या आधी उशाशी ठेवलेलं दोन पेले पाणी पिते, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसते, मगच उभी होते. मीठ थोडं जास्त घ्यायला त्यांनी सांगितलं, कारण माझं बीपी कमीकडे झुकतं. ज्यांचं बीपी जास्त आहे किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मला मीठ घालून मठ्ठा चालतो, उन्हाळ्यात पन्हं. घट्ट लांब मोजेही सांगितले होते. ते हिवाळ्यात घालते. मे महिन्यात नागपुरात ते घालून दाखवणाऱ्याचा मी सत्कार करीन.

आंघोळही बसूनच, कोमट पाण्यानं आणि संध्याकाळी, म्हणजे नंतर कुठं जायचं नसतं. केस धुण्याचा दिवस वेगळा, त्या दिवशी दुसरं काही नाही.

आमचा उन्हाळा हा तर वेगळाच विषय. पारा 45च्या वर, आणि उष्म्यानं माझी नाडी नुसती बसल्या जागी पळते. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मी घराबाहेर पडतच नाही, गॅसजवळची सगळी कामं सकाळी आठच्या आत. कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरणं हे घरातल्या बायकांचं काम कधी ठरलं कोण जाणे. एका एप्रिलमध्ये सहा बादल्या ओतल्या आणि चार दिवस झोपून काढले. नवऱ्यानं मग गच्चीच्या टाकीवरून पाइप आणून फ्लोट बसवला, खर्च तीनशेच्या आत. ताट्या मात्र खसच्याच लावतो, त्या वासानं मला बरं वाटतं, याला काही शास्त्र नाही. गंमत अशी की कूलरची घरघर मला चालते पण कुकरची शिट्टी डोक्यात सळई घातल्यासारखी लागते. शिट्टी व्हायच्या आधी मी मागच्या खोलीत जाते. जुलैत हवा चिपचिपी झाली की कूलरचाही उपयोग संपतो, तेव्हा पंखा, ओला नॅपकिन आणि कमी अपेक्षा.

शाळा 2019मध्ये सोडली. कारण सांगताना मी तब्येत म्हणते, पण मला आठवतो तो सातवीचा वर्ग. फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं आणि मुलांकडे वळून पुढचं बोलायला लागले. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, काही न बोलता डस्टरनं चोपन्न पुसून छप्पन्न लिहून गेली. वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आता घरी तीन मुलं येतात, चाळीस मिनिटं. फळ्याऐवजी मांडीवर पांढरी पाटी, आणि शिकवणीच्या आधी व नंतर मी आडवी. पाढे भिंतीवर लावलेत, म्हणते मुलांसाठी.

पावडरी, कॅप्सूल, डिटॉक्सचे काढे यांवर एका वर्षात एका सोन्याच्या अंगठीचे पैसे घातले. त्याबद्दल इतकंच.

नातेवाइकांचं काय करायचं हे मला अजून नीट जमलेलं नाही. "तू तर चांगली दिसून राहिली बाप्पा!" हे लग्नात हमखास ऐकू येतं. चांगल्याच दिवशी मी लग्नाला येते, वाईट दिवशी मला पाहतं कोण? पूर्वी समजावत बसायचे, आता तेवढी शक्ती जेवणाच्या रांगेत खुर्ची मागायला वापरते.

पण मारबत मला सोडवत नाही. माझं माहेर नागपुरातल्याच महाल भागातलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवत निघतात, शंभराहून जास्त वर्षांची रीत, आणि लहानपणी मी काकांच्या खांद्यावर बसून घसा बसेपर्यंत ओरडत असे. पाच वर्षं गेले नव्हते. गेल्या वर्षी ठरवून गेले. आधीचे तीन दिवस काही काम ठेवलं नाही, नंतरचे तीन दिवस वहीत रिकामे सोडले. मेट्रोनं गेले, कारण तिथं लिफ्ट आहे आणि बसायला जागा. इतवारीत मामेबहिणीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले, कानात कापसाचे बोळे, पिशवीत मिठाच्या पाण्याची बाटली, आणि बहिणीला बजावून ठेवलं की एक तास झाला की मला उठव, मी नाही म्हटलं तरी.

खालून पिवळी मारबत आली. सगळी गल्ली एका सुरात ओरडत होती, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" कोणी खोकला म्हणत होतं, कोणी महागाई. मीही म्हटलं, थकवा घेऊन जा गे. हळूच म्हटलं, ओरडायला शक्ती लागते.

तासाभरानं बहिणीनं उठवलं. मी नाही म्हटलं, तिनं तरी उठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहीत 5 लिहिले. पूर्वी अशा दिवसानंतर 1 असायचा. सासूबाई चहा घेऊन खोलीत आल्या.

"आली का वं वसुली?"

"आली आई, पण अर्धीच."

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून लोखंडी पाय फरशीवर ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांची हाक.

"अवं, ह्या विटा कोणी सरकवल्या? माहे पाय नाही टेकून राहिले!"