गव्हाशिवाय पदर सुटेपर्यंत: आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो मैद्यावर. हे आधीच सांगून टाकते, कारण आज ग्लूटेनमुक्त, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन नसलेले, पफ आणि पाय (सारण भरलेली पेस्ट्री) करणारं घर म्हणून लोक आम्हाला ओळखतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की पहिल्या दिवसापासून आमच्या मनात हेच होतं. तसं काही नव्हतं. घरी ओव्हन होता, हाताला सवय होती, ओळखीच्या चार जणींनी पफ मागितले आणि बघता बघता त्याच्या ऑर्डरी झाल्या. मैद्याचे पदर मला डोळे मिटून जमायचे.

मग नणंदेचं निदान झालं. दोन-तीन वर्षं तिचं हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नव्हतं. लोहाच्या गोळ्या चालू, थकवा तसाच, पोट सतत फुगलेलं. सगळ्यांनी सल्ले दिले, मीही दिले. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची (या आजारात शरीर बनवतं त्या प्रतिपिंडांची) रक्ततपासणी करायला लावली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा नमुना तपासला आणि सीलिअॅक रोग निघाला. ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं, आणि अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. लोह शोषलं जाणार कुठून! यावर गोळी नाही. गहू, जव आणि राय हे धान्य जन्मभर बंद, एवढाच इलाज. (एक गोष्ट इथेच सांगते: शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका. सोडला की रक्तातल्या खुणा कमी होतात आणि निदान हुकू शकतं.)

‘हे नवीन फॅड’ असं म्हणणारे आम्हाला अजून भेटतात. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी 1940च्या दशकातच गव्हाचा आणि या आजाराचा संबंध ताडला होता. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. नणंदेने हे कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून ती फॅडवाल्यांना हीच गोष्ट ऐकवते. मी आता वाद घालत नाही, पफ पुढे करते.

निदानानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा ट्रे नुकता ओव्हनमधून निघाला होता. ती लांबच उभी राहिली. म्हणाली, “वहिनी, वास घेतला तर चालतो ना?” हसत म्हणाली, पण मला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी तांदळाचं पीठ घेऊन बसले.

पहिला घाणा कसा झाला विचारू नका. मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ, बाकी सगळं तेच, असा माझा हिशेब. गोळा मळला जाईना. लाटायला घेतला तर कडा नदीच्या कोरड्या पात्रासारख्या तडकल्या. कसेबसे चौकोन कापून भाजले तर दहा मिनिटांत लोणी बाहेर आलं आणि पफ स्वतःच्याच लोण्यात तळून निघाले. खालून तेलकट, वरून घट्ट, मधे कच्ची कणी. पदर एकही नाही.

कारण समजायला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर पुढचं सगळं सोपं नसलं तरी सरळ झालं. ग्लूटेन म्हणजे पिठातली जाळी. मैदा भिजवून मळला की त्यातली दोन प्रथिनं गुंफली जातात आणि लवचिक पडदा तयार होतो. लोण्याचे थर दोन पडद्यांच्या मधे अडकून राहतात. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. ओव्हनच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ पडद्याला वर ढकलते, पदर सुटतो. जाळीच नसेल तर वाफ फटीतून निघून जाते आणि लोणी तिच्या मागोमाग.

म्हणून जाळीचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. आम्ही ते झँथन गम आणि इसबगोलाच्या भुशीला दिलं. भुशी पाणी धरून ठेवते आणि गोळ्याला थोडी ओढ देते, गम कण एकमेकांना चिकटवून ठेवतो. गम जास्त झाला की मात्र घास रबरासारखा लागतो, हे दोन घाणे फेकून शिकले. आज आमचं 250 ग्रॅमचं मिश्रण असं असतं: अगदी बारीक दळलेलं तांदळाचं पीठ 100 ग्रॅम, ज्वारीचं 50, टॅपिओका स्टार्च 50, बटाट्याचा स्टार्च 50. त्यात गम एक चहाचा चमचा, भुशी एक चमचा, मीठ, एक अंडं आणि 80-90 मिलिलिटर बर्फाचं पाणी. लोणी 200 ग्रॅम. त्यातलं 50 पिठात चोळायचं आणि 150 गोठवून, किसून, वरून मिसळायचं. वजनकाटा नसेल तर या वाटेला जाऊच नका. वाटीने मोजलेलं स्टार्च रोज वेगळं भरतं.

मैद्याच्या सवयी सोडणं सगळ्यात अवघड गेलं. मैद्याचा गोळा आपण विश्रांतीला ठेवतो तो ताण उतरावा म्हणून. इथे ताण नसतोच. तरी गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा, कारण तांदळाचा कण पाणी सावकाश पितो. घाई केली की दाताखाली रवा आल्यासारखं वाटतं. मैदा जास्त मळला की चिवट होतो, हे पीठ कितीही हाताळा, चिवट होत नाही. ही एक मेहेरबानीच. उलट फ्रिजमधून काढल्या काढल्या लाटायला घ्याल तर तडकणार. आठ-दहा मिनिटं बाहेर ठेवायचा, बोट दाबल्यावर खड्डा पडला पण बोटाला लोणी लागलं नाही की लाटायला घ्यायचा, तेही बटरपेपरच्या दोन तावांमध्ये. तडा गेलाच तर ओल्या बोटाने ठिगळ लावायचं. मैद्याला मी सहा घड्या घालायचे, दर वेळी तीनपदरी, म्हणजे लोण्याचे 729 थर. इथे चार घड्या, 81 थर, बस. पाचव्या घडीला लोणी पिठात विरून जातं आणि पफचं बिस्किट होतं. सारण कोरडं आणि पूर्ण गार हवं. ओव्हन 210 अंशांवर नीट तापलेला, बारा मिनिटांनी 190 वर आणायचा आणि रंग चांगला तांबूस होईपर्यंत काढायचा नाही. फिका पफ आतून कच्चा असतो.

असे पदर सुटायला लागले आणि आम्ही खुशीत दोन्ही प्रकार विकायला लागलो. आठवड्याचे पहिले तीन दिवस मैदा, मग ओटा धुवून तीन दिवस ग्लूटेनमुक्त. इथेच माझी चूक झाली.

एका संध्याकाळी नणंदेने आमचेच दोन पफ खाल्ले आणि रात्रभर तिचं पोट बिघडलं. सकाळी फोनवर म्हणाली, “वहिनी, तुझ्यावर शंका नाही गं. पण काहीतरी गेलंय.” मी सगळे डबे तपासले, लेबलं वाचली, काही सापडेना. मग चाळणी हातात घेतली. रोज धुतलेली, स्वच्छ दिसणारी. तिच्या कडेच्या दुमडीत काडी फिरवली तर वाळलेल्या पिठाची पांढरी सळी निघून ओट्यावर पडली. तीच चाळणी मी दोन्हीकडे वापरत होते. लाकडी लाटण्याला बारीक चिरा होत्या. आणि मैदा उडतो, हवेत तासन्‌तास तरंगतो, ओव्हनच्या पंख्यात बसतो. भाजल्याने ग्लूटेन मरत नाही, ते काही जंतू नव्हे.

अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात ग्लूटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. 100 ग्रॅमच्या पफमध्ये फक्त 2 मिलिग्रॅम. मैद्याच्या भाषेत ते जेमतेम 25 मिलिग्रॅम भरतं, चिमटीत नीट धरताही येणार नाही इतकं. माझ्या चाळणीत त्याहून कितीतरी जास्त होतं.

आम्ही मैदा बंद केला. थोडे दिवस नाही, कायमचा. नवऱ्याने हिशेब मांडून दाखवला की उत्पन्नाचा मोठा हिस्सा मैद्याच्याच मालाचा आहे. त्याचा हिशेब बरोबर होता. पुढचं वर्ष ओढाताणीत गेलं, जुनी गिऱ्हाइकं तुटली, काहींनी तर ‘आजाऱ्यांचं खाणं’ म्हणून नाक मुरडलं. लाटणी, चाळण्या, पोळपाट, ब्रश, सगळं टाकून नवं घेतलं. घरात गव्हाचं पीठ येणंच थांबलं. माल प्रयोगशाळेत तपासून घेऊ लागलो. लेबल वाचणं नणंदेकडे गेलं, कारण तिच्याइतकं चिकाटीने ते कुणी वाचत नाही. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवाचं, सोया सॉसमध्ये अनेकदा गहू, काही बेकिंग पावडरमध्ये गव्हाचा स्टार्च, ओट्स मुळात वेगळे असले तरी शेतात आणि गिरणीत गव्हात मिसळलेले. तिने नाही म्हटलं की ती वस्तू घरात येत नाही. गेल्या तीन वर्षांपासून ती भागीदार आहे, नुसती चव बघणारी नाही.

तुमच्या घरी दोन्ही प्रकारचं खाणं होत असेल तर निदान चाळणी, लाटणं आणि लाकडी चमचे वेगळे ठेवा, आणि ग्लूटेनमुक्त काम सकाळी, गव्हाच्या पिठाचा डबा उघडण्याआधी उरका.

आमच्या मालाबद्दल एक कबुली. हे पफ दुसऱ्या दिवशी मैद्याच्या पफइतके चांगले राहत नाहीत. स्टार्च लवकर कडक होतं. म्हणून आम्ही भाजलेले कमी आणि गोठवलेले कच्चे जास्त देतो. गोठलेलेच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा, पाचेक मिनिटं जास्त लागतात. मायक्रोवेव्हमध्ये घालून आम्हाला नावं ठेवू नका.

क्रोसाँ अजून विकत नाही. यीस्टने फुगायचं आणि पदरही सुटायचे, ही दोन्ही कामं एकाच पिठाकडून करून घेणं आम्हाला जमलेलं नाही. गेल्या आठवड्यातला प्रयोग रंगाला सुरेख होता, कापल्यावर आत ओल्या पावासारखा. नणंदेने टोकाचा तुकडा खाल्ला, कुर्त्यावर पडलेले पापुद्रे ओल्या बोटाने टिपले आणि म्हणाली, “टोकाला सुटलेत. मधलं बघू पुढच्या वेळी.” वहीत तारीख आणि पाण्याचं माप लिहून ठेवलंय. पुढच्या घाण्याला पाणी 10 मिलिलिटरने कमी.