तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेले क्लास शिकवतो कशाला?

नेटवर्किंगच्या दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "सर, आयपीचे ए, बी, सी क्लास १९९३ सालीच मोडीत निघाले ना? मग अजून का शिकवता?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मुळात ती युक्ती मला आवडते. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्राचा पत्ता: ३२ बिट्स, लिहिताना टिंबांनी तोडलेले चार आकडे. त्यातला सुरुवातीचा भाग नेटवर्कचा, उरलेला त्यातल्या यंत्राचा. १९८१ साली ठरलं की नेटवर्कचा भाग कुठे संपतो ते सुरुवातीच्या बिट्सवरूनच ओळखायचं. शून्याने सुरुवात असेल तर क्लास ए: पहिला आकडा नेटवर्कचा, उरलेले तीन यंत्रांचे. एक-शून्य असेल तर बी, दोन-दोन. एक-एक-शून्य, की सी. राउटरला वेगळं काही सांगायलाच नको. 

गोची मापांत होती. सी-मध्ये जेमतेम २५४ यंत्रं, बी-मध्ये थेट ६५,५३४. तीनशे कॉम्प्युटरवाल्याने काय घ्यावं? एक शर्ट दाटतो, दुसरा तंबूएवढा! सगळे बी मागत सुटले, आणि बी होते फक्त १६,३८४. एमआयटीकडे तर अख्खा ए होता, १८ ने सुरू होणारे सगळे पत्ते, दीड कोटीच्या वर. शेवटी १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे क्लासशिवायची पद्धत, आली. नेटवर्कची हद्द पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून लिहायची: /२३ म्हणजे पहिले २३ बिट्स नेटवर्कचे, उरलेल्यांत ५१० यंत्रं. तीनशेवाला सुटला.

पण विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधून आयपी हाताने भरून बघा. १०.१.५.२० लिहा, टॅब दाबा. सबनेट मास्कच्या, म्हणजे नेटवर्कची हद्द सांगणाऱ्या, चौकटीत आपोआप २५५.०.०.० येतं: २५५ आहे तो आकडा नेटवर्कचा, शून्यं यंत्रांची. क्लास ए!

एका ऑफिसात मी याच्यात अर्धा दिवस घालवलाय. नव्या मशीनवर इंटरनेट चालू, प्रिंटर चालू, फक्त दुसऱ्या शाखेतला १०.२.०.१० हा सर्व्हर पिंग होईना, म्हणजे हाकेला उत्तर येईना. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. मास्क तसाच २५५.०.०.० राहिला होता, म्हणून मशीनचं म्हणणं, १० ने सुरू होणारे सगळे आपल्याच घरातले. त्यामुळे ते गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, जायचंच नाही, जागच्या जागी सर्व्हरला हाका मारत बसायचं. मास्क २५५.२५५.२५५.० केला, पहिला रिप्लाय आला.

शेजारच्या अकाउंटंट मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एवढंच होतं?"